मानसशास्त्रातील आकारिक सिद्धांतरचना

मानसशास्त्रातील आकारिक सिद्धांतरचना : मानसशास्त्रीय सिद्धांतातील मूळ संज्ञा, व्याख्या व गृहीततत्त्वे आरंभीच स्पष्टपणे नमूद करून, त्यांपासून आकारिक तर्कशास्त्राच्या नियमांनुसार प्रमेये निष्पन्न करावयाची आणि ती प्रमेये निरीक्षणाने वा प्रयोगाने पडताळून पाहावयाची, अशा पद्धतीस ही संज्ञा लावली जाते. भूमितीत जे स्थान यूक्लिडच्या रचनेला आणि भौतिकीत जे स्थान न्यूटनच्या रचनेला आहे, तसे स्थान मनोव्यापारांच्या अभ्यासात एखाद्या निगामी रचनेला मिळवून देता येईल काय, हा ह्या प्रयत्नांमागील मुख्य प्रश्न होय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून अमेरिकेत व यूरोपात ह्या दिशेने जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास हा अंशतः अपयशाचा इतिहास आहे. तथापि त्या अपयशातूनच मानसशास्त्रीय सिद्धांत म्हणजे काय आणि तो केव्हा खोटा ठरतो, ह्यांविषयी अधिक काटेकोर कल्पना रूढ झाली.

मानसशास्त्राशी तर्कशास्त्राचा संबंध दोन प्रकारांनी येतो. पहिल्या प्रकारात तर्कशास्त्र हे सिद्धांत मांडणाऱ्याचे साधन असते. अभ्यासविषय उंदराचे धावणे असो वा माणसाचे पाठांतर असो, त्याविषयीच्या विधानांमधील निष्पत्तीचे संबंध तपासण्यासाठी तर्कशास्त्र वापरले जाते. दुसऱ्या प्रकारात तर्कशास्त्र हेच विचार करणाऱ्या मनाचे वर्णन मानले जाते. म्हणजे मन हे तर्काच्या नियमांनुसार चालते, असा तो सिद्धांत असतो. हे दोन प्रकार परस्परांपासून भिन्न आहेत. अतार्किक वर्तनाचाही सिद्धांत पूर्णतः तर्कशुद्ध असू शकतो. ह्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे प्रस्तुत विषयात पुष्कळ गोंधळ माजलेला आढळतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मनोविकारांची निगामी मांडणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न डच तत्त्वज्ञ स्पिनोझा (१६३२–७७) ह्याने केला. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एथिक्स ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात इच्छा, सुख आणि दुःख हे तीन मूळ भाव धरून प्रेम, द्वेष, आशा, भय इ. भावांच्या व्याख्या दिलेल्या आहेत व त्यांविषयीची विधाने भूमितीच्या धर्तीवर सिद्ध केलेली आहेत. उदा., बाह्य कारणाच्या कल्पनेने युक्त असे सुख म्हणजे प्रेम, अशी व्याख्या तो करतो. ह्या रचनेत निरीक्षणाने पडताळा घेण्याची तरतूद मात्र नव्हती.

जर्मन तत्त्वज्ञ कांट (१७२४–१८०४) ह्याने १७८६ मध्ये असे प्रतिपादन केले, की आंतरिक अनुभवाला गणित लावता येत नसल्यामुळे मनाचा अभ्यास हे खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकत नाही. ह्या मताला उत्तर म्हणून योहान फ्रीड्रिख हेर्बार्ट (१७७६–१८४१) ह्याने १८२४–२५ मध्ये मनातील कल्पनांना परस्परविरोधी बले मानून त्यांचे गणिती सिद्धांत मांडले. त्याची समीकरणे तर्कतः सुसंगत होती; परंतु त्यांतील राशी कशा मोजावयाच्या, हे त्याने सांगितले नाही. आकार आहे पण मापन नाही, ही उणीव पुढील शंभर वर्षांतील अनेक सिद्धांतांत पुन्हा दिसून येते.

इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल (१८१५–६४) ह्याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘विचारांचे नियम’ असा उल्लेख होता. तर्काचे बीजगणित हे मनाच्या क्रियांचेच बीजगणित आहे, अशी त्याची धारणा होती. ह्याच्या उलट भूमिका गोट्‌लोप फ्रेगे (१८४८–१९२५) ह्याने १८८४ मध्ये आणि एडमुंड हुसर्ल (१८५९–१९३८) ह्याने १९००–०१ मध्ये घेतली. त्यांच्या मते तर्काचे नियम लोक कसा विचार करतात हे सांगत नाहीत. एका विधानाच्या सत्यतेवरून दुसऱ्या विधानाची सत्यता केव्हा निष्पन्न होते, एवढेच ते सांगतात. ह्या टीकेमुळे तर्कशास्त्र मानसशास्त्रापासून वेगळे झाले. ह्या फारकतीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की मानसशास्त्रापासून स्वतंत्र झालेले तर्कशास्त्र मानसशास्त्राला बाहेरून एक साधन म्हणून वापरता येऊ लागले. बर्ट्रंड रसेल व ए. एन. व्हाइटहेड ह्यांच्या प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका (३ खंड, १९१०–१३) ह्या ग्रंथाने त्या साधनाला प्रगल्भ सांकेतिक भाषा मिळवून दिली.

क्लार्क हलची निगामी पद्धती : मानसशास्त्रात ह्या साधनाचा सर्वांत निर्धारपूर्वक उपयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क लेनर्ड हल (१८८४–१९५२) ह्याने केला. तरुणपणी तो अभियांत्रिकीकडे वळला होता. पोलिओमुळे एक पाय अधू झाल्यावर त्याने मानसशास्त्राचा अभ्यास पतकरला. विद्यार्थिदशेतच त्याने संविधानांचे निष्कर्ष यांत्रिक रीतीने काढून दाखविणारे एक यंत्र तयार केले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९१८ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली व १९२९ पासून तो येल विद्यापीठात होता. न्यूटनचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ त्याने आपला आदर्श मानला होता.

१९३० च्या सुमारास अध्ययनविषयक मानसशास्त्रात अनेक संप्रदाय परस्परांशी वाद घालीत होते. हे वाद मिटत नाहीत ह्याचे कारण तथ्यांची वाण हे नसून सिद्धांतांची संदिग्धता हे आहे, असे हलने १९३५ मधील एका लेखात दाखवून दिले. ज्या सिद्धांतापासून काय निष्पन्न होते हेच ठरविता येत नाही, तो कोणत्याही प्रयोगाने खोटा ठरत नाही व म्हणून खराही ठरत नाही. त्याने सुचविलेल्या उपायाचे चार टप्पे होते : व्याख्या व गृहीततत्त्वे निःसंदिग्ध शब्दांत मांडणे, त्यांपासून काटेकोर निगमनाने प्रमेये मिळविणे, प्रमेयांची प्रयोगाशी तुलना करणे, आणि प्रमेय खोटे ठरल्यास गृहीततत्त्वांत दुरुस्ती करणे. ह्यामागील तर्क साधा आहे. गृहीततत्त्वे सत्य असतील व निगमन युक्त असेल, तर प्रमेय सत्य असलेच पाहिजे. प्रमेय असत्य आढळले, तर निदान एक तरी गृहीततत्त्व असत्य आहे, असे निश्चित होते. याउलट प्रमेय सत्य आढळले म्हणून गृहीततत्त्वे सत्य ठरत नाहीत. त्यांना केवळ पुष्टी मिळते.

ह्या पद्धतीचे स्वरूप पाठांतराच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) ह्याने १८८५ मध्ये निरर्थक शब्दावयवांच्या पाठांतराचे प्रयोग प्रसिद्ध केल्यापासून अशा यादीच्या अभ्यासाला चालना मिळाली. यादीतील आरंभीचे व अखेरचे शब्दावयव लवकर पाठ होतात व मधले उशिरा होतात, असे आढळून आले होते. हलने, लेप्ली ह्या मानसशास्त्रज्ञाच्या एका कल्पनेच्या आधारे, असे गृहीत धरले, की यादीतील प्रत्येक शब्दावयव केवळ लगतच्याच नव्हे, तर पुढील दूरच्या शब्दावयवांशीही जोडला जातो आणि अशी प्रत्येक दूरची जोडणी मधल्या शब्दावयवांवर अवरोध निर्माण करते. सात शब्दावयवांची यादी घेतल्यास पहिल्या स्थानावरून पलीकडे जाणारी एकही जोडणी नसते. दुसऱ्या स्थानावरून जाणाऱ्या ५, तिसऱ्यावरून ८, चौथ्यावरून ९, पाचव्यावरून ८, सहाव्यावरून ५ आणि सातव्यावरून पुन्हा शून्य जोडण्या असतात. म्हणून मध्यभागी अवरोध सर्वाधिक असला पाहिजे व तेथील शब्दावयव सर्वांत अवघड ठरले पाहिजेत, असे प्रमेय मिळते.

प्रयोगात यादीचा मध्य अवघड ठरतो हे खरे; परंतु सर्वांत अवघड स्थान नेमके मध्यावर नसून त्याच्या थोडे पुढे असते. वरील साध्या मोजणीने मिळणारा आलेख दोन्ही बाजूंना सारखा आहे. प्रत्यक्षातील आलेख तसा नाही. तेव्हा गृहीततत्त्वांत काहीतरी भर घालावी लागते, हे उघड होते. सिद्धांत केवळ शब्दांत मांडलेला असता, तर हा फरक कदाचित लक्षातही आला नसता. आकारिक मांडणीचा खरा लाभ येथे दिसतो. ती सिद्धांताला अचूक बनवीत नाही. तो कोठे चुकतो, हे मात्र ती दाखवून देते.

पाठांतराचा हा सिद्धांत मॅथेमॅटिको-डिडक्टिव्ह थिअरी ऑफ रोट लर्निंग (१९४०) ह्या ग्रंथात पूर्ण रूपाने मांडण्यात आला. हलच्या सहकाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलंड, गणितज्ञ मार्शल हॉल, तर्कशास्त्रज्ञ फ्रेडरिक फिच इत्यादींचा समावेश होता. गृहीततत्त्वे व प्रमेये चिन्हांकित तर्कशास्त्राच्या भाषेत आणि पुन्हा साध्या भाषेत, अशी दुहेरी मांडणी त्यात आहे. ब्रिटिश जीववैज्ञानिक जोसेफ हेन्री वुजर (१८९४–१९८१) ह्याने द ॲक्सिओमॅटिक मेथड इन बायॉलॉजी (१९३७) ह्या ग्रंथात जीवविज्ञानासाठी असाच प्रयत्न केला होता. हलच्या ग्रंथाची प्रशंसा पुष्कळ झाली. पण त्यातील सांकेतिक भाषेमुळे तो फारसा वाचला गेला नाही. पुढील ग्रंथांत हलने चिन्हांकित तर्कशास्त्र सोडून समीकरणे व साधी भाषा ह्यांवर भर दिला.

प्रिन्सिपल्स ऑफ बिहेव्हिअर (१९४३) ह्या त्याच्या प्रमुख ग्रंथात १६ गृहीततत्त्वे आहेत. उद्दीपक व प्रतिक्रिया ह्यांच्या दरम्यान सवय-सामर्थ्य, प्रेरणा, अवरोध, प्रतिक्रिया-क्षमता इ. मध्यस्थ चल कल्पून ते दृश्य परिस्थितीशी एका टोकाला व दृश्य वर्तनाशी दुसऱ्या टोकाला बांधलेले असावेत, अशी त्याची योजना होती. प्रतिक्रिया-क्षमता ही सवय-सामर्थ्य व प्रेरणा ह्यांच्या गुणाकाराएवढी असते, हे त्यातील एक मध्यवर्ती विधान होय. हा गुणाकारच का, बेरीज का नव्हे, ह्या प्रश्नाचे उत्तर हलने विल्यम्स (१९३८) व पेरिन (१९४२) ह्यांच्या उंदरांवरील प्रयोगांत शोधले. दांडी दाबल्यास अन्न मिळते, असे ५ पासून ९० पर्यंत वेळा शिकविल्यानंतर अन्न देणे बंद करून, उंदीर आणखी किती वेळा दांडी दाबतात, हे मोजण्यात आले. एक गट २२ तास उपाशी होता, तर दुसरा ३ तास. दोन्ही आलेख चढत जातात. परंतु प्रबलनांची संख्या वाढेल तसतसे त्यांमधील अंतरही वाढत जाते. उपासाचा परिणाम सवयीत केवळ मिळविला जात असता, तर हे अंतर कायम राहिले असते.

हलची पद्धती स्वतःच्या चुका पकडू शकत होती, ह्याचे उत्तम उदाहरण क्रेस्पीच्या प्रयोगात मिळते. १९४३ च्या रचनेत बक्षिसाच्या प्रमाणावर सवय-सामर्थ्याची कमाल मर्यादा अवलंबून असते, असे मानलेले होते. सवय हळूहळू बनते आणि एकदा बनली की केवळ बक्षीस घटल्यामुळे ती क्षीण होत नाही. म्हणून बक्षीस अकस्मात वाढविले, तर उंदराच्या धावण्याचा वेग सावकाश वाढला पाहिजे व ते कमी केले, तर वेग घसरू नये, असे निष्पन्न होते. परंतु १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्पीच्या प्रयोगांत बक्षिसातील बदलानंतर अल्पावधीतच वेग दोन्ही दिशांना झपाट्याने बदललेला आढळला. एडवर्ड टोलमन (१८८६–१९५९) व हॉनझिक ह्यांच्या १९३० मधील प्रयोगातही, दहा दिवस बक्षिसाविना व्यूहात फिरलेल्या उंदरांना अकराव्या दिवशी अन्न देताच त्यांच्या चुका एकदम घटल्या होत्या. ह्या तथ्यांशी जुळवून घेण्यासाठी हलने बक्षिसाचा संबंध सवयीशी न जोडता प्रलोभन हा एक वेगळा गुणक मानला आणि ए बिहेव्हिअर सिस्टिम (१९५२) ह्या अखेरच्या ग्रंथात तो समाविष्ट केला.

आक्षेप : हलच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याच्या रचनेचा प्रभाव ओसरू लागला. १९५० मध्ये डार्टमथ येथे झालेल्या परिषदेतून मॉडर्न लर्निंग थिअरी (१९५४) हा ग्रंथ निर्माण झाला. त्यात सिग्मंड कॉख (१९१७–९६) ह्याने हलच्या रचनेची तपशीलवार चिकित्सा केली. हलचे मध्यस्थ चल निरीक्षणाशी पुरेसे बांधलेले नाहीत. त्याची अनेक निगमने वस्तुतः निगमने नसून न सांगितलेल्या गृहीतांवर उभी आहेत. आणि त्याचे स्थिरांक अगदी मोजक्या प्रयोगांवरून घेतलेले असूनही ते सर्व वर्तनाला लागू असल्यासारखे वापरले जातात, हे त्याचे मुख्य आक्षेप होते. उदा., १९५२ च्या रचनेत सवय-सामर्थ्याचे सूत्र ०·०३०५ ह्या स्थिरांकासह दिलेले आहे. त्यानुसार १० प्रबलनांनंतर सवय-सामर्थ्य कमाल मर्यादेच्या सु. ०·५०, २० नंतर सु. ०·७५ व ३० नंतर सु. ०·८८ इतके होते. चार दशांश स्थळांपर्यंतची ही अचूकता मर्यादित परिस्थितीतील प्राण्यांच्या प्रयोगांतून आलेली होती. आकाराचा काटेकोरपणा आशयाच्या काटेकोरपणाचा आभास निर्माण करतो, हा धोका ह्यावरून लक्षात येतो.

बी. एफ. स्किनर (१९०४–९०) ह्याने १९५० मध्ये, अध्ययनाच्या अशा सिद्धांतांची आवश्यकताच काय, असा मूलगामी प्रश्न उपस्थित केला. निरीक्षणाच्या पातळीवरील नियमितता शोधणे अधिक फलदायी होय, असे त्याचे मत होते. केनेथ मॅककॉर्कोडेल व पॉल मील (१९२०–२००३) ह्यांनी १९४८ मध्ये एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. काही संज्ञा म्हणजे निरीक्षणांचा केवळ संक्षेप असतो. इतर काही संज्ञांनी मात्र प्रत्यक्ष न दिसणाऱ्या एखाद्या घटकाचे किंवा प्रक्रियेचे अस्तित्व सूचित होते. पहिल्या प्रकारच्या संज्ञा आकारिक मांडणीने पूर्णपणे स्पष्ट होतात; दुसऱ्या प्रकारच्या होत नाहीत. हलच्या रचनेत हे दोन्ही प्रकार सरमिसळ झालेले होते.

व्हिएन्ना मंडळाच्या तार्किक प्रत्यक्षार्थवादाच्या प्रभावामुळे वर्तनवाद्यांनी ही पद्धती स्वीकारली, असे पुष्कळदा म्हटले जाते. लॉरेन्स स्मिथ ह्याने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मत बरेचसे अतिशयोक्त असल्याचे दाखविले. हल, टोलमन व स्किनर ह्यांच्या पद्धतिविषयक कल्पना मुख्यत्वे त्यांच्या स्वतःच्या विचारांतून घडल्या होत्या. प्रत्यक्षार्थवाद्यांशी त्यांचा संबंध नंतर आला आणि तो मर्यादितच राहिला.

मनाचे वर्णन म्हणून तर्कशास्त्र : हलचा ग्रंथ ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच १९४३ साली वॉरन मॅककलक (१८९८–१९६९) व वॉल्टर पिट्स (१९२३–६९) ह्यांनी मज्जापेशींच्या जालाचे तर्कशास्त्रीय गणित मांडले. मज्जापेशी एकतर उद्दीपित होते किंवा होत नाही. म्हणून तिची अवस्था सत्य वा असत्य विधानाप्रमाणे हाताळता येते, ही त्यांची मूळ कल्पना होय. तिच्यामुळे तर्काचे सूत्र व शरीरातील यंत्रणा ह्यांचा सांधा जुळविण्याची शक्यता निर्माण झाली. १९५६ मध्ये ॲलन न्यूएल, क्लिफर्ड शॉ व हर्बर्ट सायमन ह्यांनी तयार केलेल्या संगणकीय आज्ञावलीने प्रिन्सिपिया मॅथेमॅटिकाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. ह्यानंतर मानसशास्त्रीय सिद्धांत चालू शकणाऱ्या आज्ञावलीच्या रूपात मांडता येऊ लागला. आज्ञावलीत एखादी पायरी राहून गेली, तर ती नीट चालत नाही. त्यामुळे हलच्या निगमनांतील न सांगितलेल्या गृहीतांचा दोष येथे आपोआप उघडा पडतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) ह्याने मुलांच्या बौद्धिक विकासाच्या वर्णनासाठी तर्कशास्त्राचा वापर केला. १९४९ व १९५२ मधील ग्रंथांत त्याने तार्किक क्रियांच्या संरचना मांडल्या. किशोरावस्थेत दोन विधानांच्या १६ संयोगांवर प्रभुत्व येते आणि नकार, व्युत्क्रम इ. चार रूपांतरांचा एक गट विचारात प्रस्थापित होतो, असे बेर्बल इनहेल्डर हिच्यासह १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे. तर्कशास्त्रज्ञांना प्याजेची मांडणी सदोष वाटली. डच तर्कशास्त्रज्ञ एव्हर्ट बेथ (१९०८–६४) हा त्याचा एक टीकाकार होता. पुढे त्या दोघांनी मिळून १९६१ मध्ये गणित व मानसशास्त्र ह्यांच्या संबंधांवर एक ग्रंथ लिहिला.

मन तर्काच्या नियमांनुसार चालते, ह्या मताची कसोटी पीटर वेसन (१९२४–२००३) ह्याने १९६६ मध्ये मांडलेल्या एका साध्या कूटाने लागली. चार पत्ते मांडलेले असतात. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस संख्या असते. समोर एक स्वर, एक व्यंजन, एक सम संख्या व एक विषम संख्या दिसते. ‘एका बाजूस स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते’ हा नियम खरा की खोटा हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील, असा प्रश्न विचारला जातो. स्वर व विषम संख्या हे तर्कतः योग्य उत्तर होय. कारण नियम खोटा पाडू शकणारे पत्ते तेवढेच आहेत. सुशिक्षित प्रौढांतही हे उत्तर देणारे १० टक्क्यांहून कमी निघतात. बहुतेक जण स्वर व सम संख्या हे पत्ते निवडतात. तथापि मद्यपानासाठी वयोमर्यादा पाळली जाते की नाही, हे तपासण्याच्या रूपात तोच प्रश्न विचारला असता बहुसंख्य लोक योग्य उत्तर देतात, असे ग्रिग्ज व कॉक्स ह्यांना १९८२ मध्ये आढळले. तार्किक आकार एकच असूनही आशय बदलल्याबरोबर वर्तन बदलते. ह्यावरून फिलिप जॉन्सन-लेअर्ड ह्याने १९८३ मध्ये असे मत मांडले, की माणसे नियम लावून नव्हे, तर परिस्थितीच्या मानसिक प्रतिकृती बनवून अनुमान करतात. लान्स रिप्स ह्याने १९९४ मध्ये मानसिक तर्कनियमांच्या बाजूने सविस्तर मांडणी केली. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. दोन्ही पक्ष आपले सिद्धांत आकारिक भाषेतच मांडतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मापन व निवड ह्यांची मूलतत्त्वे : निगामी पद्धतीचे सर्वांत टिकाऊ यश निवड व मापन ह्यांच्या अभ्यासात आढळते. जॉन फॉन नॉयमान (१९०३–५७) व ऑस्कर मॉर्गनस्टर्न (१९०२–७७) ह्यांनी १९४४ मध्ये अनिश्चित परिस्थितीतील विवेकी निवडीची काही मूलतत्त्वे मांडली व १९४७ च्या आवृत्तीत त्यांवर आधारलेली सिद्धता दिली. ह्या रचनेत प्रत्येक तत्त्व वेगळे काढून तपासता येते. मोरिस आले (१९११–२०१०) ह्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये नेमके तेच केले. १० कोटी फ्रँक निश्चितपणे मिळणे आणि ५० कोटी मिळण्याची १० टक्के, १० कोटी मिळण्याची ८९ टक्के व काहीच न मिळण्याची १ टक्का शक्यता असणे, ह्यांत बरेच लोक पहिला पर्याय निवडतात. पण १० कोटी मिळण्याची ११ टक्के शक्यता आणि ५० कोटी मिळण्याची १० टक्के शक्यता ह्यांत तेच लोक दुसरा पर्याय घेतात. दोन्ही पर्यायांतील समान भागाचा निवडीवर परिणाम होऊ नये, ह्या तत्त्वाशी ह्या दोन निवडी विसंगत आहेत. नेमके कोणते तत्त्व मोडते हे कळल्यामुळे डॅनिएल कानेमन व एमॉस ट्व्हर्स्की ह्यांना १९७९ मध्ये पर्यायी सिद्धांत मांडणे शक्य झाले.

मापनाच्या क्षेत्रात आर. डंकन लूस व जॉन टूकी ह्यांनी १९६४ मध्ये संयुक्त मापनाचा सिद्धांत मांडला. दोन घटकांच्या संयुक्त परिणामांचा केवळ लहानमोठा क्रम माहीत असेल व तो काही मूलतत्त्वे पाळत असेल, तर त्या घटकांना बेरजेच्या स्वरूपात संख्या देता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. ह्या शोधाने हलच्या जुन्या प्रश्नावर नवा प्रकाश पडतो. दोन्ही घटक धन असतील तोवर गुणाकाराचे लॉगरिथम घेतल्यास बेरीज मिळते; म्हणून एका मोजपट्टीवर वाढत जाणारे अंतर दुसऱ्या मोजपट्टीवर स्थिर दिसू शकते. दांडी दाबण्याची संख्या ही प्रतिक्रिया-क्षमतेची योग्य मोजपट्टी आहे, हे गृहीत न धरता सवय व प्रेरणा ह्यांचा गुणाकार होतो की बेरीज, हे केवळ आलेखांमधील अंतरावरून ठरत नाही. हलच्या सोळा गृहीततत्त्वांच्या मागे आणखी एक गृहीत लपलेले होते आणि ते अधिक प्रगत आकारिक विश्लेषणानेच उघडकीस आले.

मूल्यमापन : नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ यान स्मेडस्लुंड ह्याने अगदी वेगळ्या बाजूने एक आक्षेप घेतला. मानसशास्त्रातील अनेक अभ्युपगम शब्दांच्या अर्थावरूनच अपरिहार्यपणे सत्य ठरतात. त्यांचा प्रयोगाने पडताळा घेणे निरर्थक आहे, असे त्याचे म्हणणे होय. ॲल्बर्ट बँड्यूरा ह्याचा स्व-क्षमतेचा सिद्धांत सामान्य भाषेतील संकल्पनांपासून प्रमेयरूपाने निष्पन्न करता येतो, असे त्याने १९७८ मध्ये दाखविण्याचा प्रयत्न केला व १९८८ मध्ये आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. त्याचा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही. परंतु एखादे विधान अनुभवाने खोटे ठरू शकते की नाही, हे प्रयोगापूर्वीच तपासले पाहिजे, ही त्याची सूचना मोलाची आहे.

ह्या प्रश्नांचे महत्त्व एकविसाव्या शतकात पुन्हा जाणवू लागले. २०१५ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण परिणाम आढळले होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण केवळ ३६ टक्के भरले. ह्याची कारणे अनेक आहेत. नमुन्यांचा लहान आकार व अनुकूल निष्कर्षच प्रसिद्ध करण्याची प्रवृत्ती ही त्यांतील काही होत. सिद्धांतांचा सैलपणा हे आणखी एक कारण असल्याचे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. मील ह्याने १९६७ व १९७८ मध्येच असा इशारा दिला होता, की केवळ ‘फरक आहे’ एवढेच भाकीत करणारा सिद्धांत फारसा धोका पतकरीत नाही व म्हणून त्याला मिळणारी पुष्टीही फारशी अर्थपूर्ण नसते. १९३५ मधील हलची तक्रारही मूलतः हीच होती.

सारांश, आकारिक तर्कशास्त्राने मानसशास्त्राला सत्य पुरविलेले नाही आणि ते त्याचे कार्यही नव्हे. संज्ञांना अर्थ निरीक्षणातून व मापनातून यावा लागतो. तो चिन्हांतून येत नाही. हेर्बार्ट व हल ह्यांच्या रचना ह्याच ठिकाणी दुबळ्या ठरल्या. परंतु गृहीते उघड करणे, परस्परविरोध दाखविणे आणि चूक झाल्यास ती नेमकी कोणत्या गृहीतात आहे ह्याचा शोध सुकर करणे, ही कामे तर्कशास्त्राइतकी चांगली दुसऱ्या कोणत्याही साधनाने होत नाहीत. हलची गृहीततत्त्वे आज जवळजवळ कोणीही स्वीकारीत नाही. ती का स्वीकारता येत नाहीत हे मात्र नेमकेपणाने सांगता येते. ज्या सिद्धांतांविषयी एवढेही सांगता येत नाही, त्यांच्या तुलनेत ही त्याची मोठीच कामगिरी मानावी लागेल.